दिवाळीनंतर व्हिएतनाम: उत्तर, मध्य की दक्षिण?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. 11 नोव्हेंबरला भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी निघून 11 दिवसांसाठी व्हिएतनामला जावे, असा आमच्या घरी विचार चालू आहे. आम्ही पाच जण आहोत: मी, यजमान, पाचवीत शिकणारी मुलगी आणि सासू-सासरे. सासरे 74 वर्षांचे असून मिरज जंक्शनवरून निवृत्त झाले आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ओल्या आणि निसरड्या पायऱ्यांची मला धास्ती वाटते.

एका प्रवासी कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमात हनोईला दोन रात्री, हा लाँगच्या उपसागरात जहाजावर एक रात्र, दा नांग, होई आन आणि हुए येथे मिळून चार रात्री आणि शेवटी हो चि मिन्ह सिटीत तीन रात्री आहेत. हवामानाबद्दल विचारले असता "नोव्हेंबर हा तिकडचा उत्तम हंगाम आहे" एवढेच उत्तर मिळाले. त्यावर समाधान न झाल्याने मी स्वतः शोधाशोध केली, तेव्हा एकीकडे नोव्हेंबरातील निरभ्र आकाशाची छायाचित्रे दिसली आणि दुसरीकडे त्याच महिन्यात होई आनच्या बाजारपेठेतून होड्या चाललेल्या दिसल्या. एकाच देशाची, एकाच महिन्याची ही दोन्ही चित्रे कशी असू शकतात, हे मला उमगले नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यावर पाणी आले होते आणि आम्ही आठ दिवस नातेवाइकांकडे काढले. आयर्विन पुलाची पातळी 45 फुटांकडे सरकू लागली की अजूनही आमच्या घरात कोणाला झोप येत नाही. पैसे खर्चून दुसऱ्या देशातला पूर पाहायला जाण्याची हौस आम्हाला नाही.

कार्यक्रम आहे तसाच ठेवावा की त्यातले काही गाळावे? शिवाय सासऱ्यांची इच्छा हनोईपासून हो चि मिन्ह सिटीपर्यंतचा प्रवास रेल्वेनेच करण्याची आहे. त्या दिवसांत ते शहाणपणाचे ठरेल काय?

यवतेश्वर, सातारा

ताई, आपण पाहिलेली दोन्ही चित्रे खरी आहेत. कंपनीने दिलेले उत्तरही खरे आहे, पण ते कार्यक्रमातल्या सहा रात्रींना लागू पडते, मधल्या चार रात्रींना नाही. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे 1650 किलोमीटर लांब आहे. साडेआठ अंश अक्षांशापासून साडेतेवीस अंशांपर्यंत तो पसरलेला आहे, म्हणजे आपल्याकडे कन्याकुमारीपासून जवळपास भोपाळपर्यंतचा पट्टा झाला. "नोव्हेंबरात कन्याकुमारी ते भोपाळ हवा कशी असते?" असे आपण कोणाला विचारणार नाही. व्हिएतनामबद्दल मात्र सर्रास तसे विचारले जाते आणि उत्तरही एका वाक्यात मिळते.

देशाच्या मधल्या भागात पश्चिमेकडून लाओसच्या सीमेला धरून त्रुओंग सोन नावाची डोंगररांग गेलेली आहे आणि तिच्या पूर्वेला समुद्रापर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी उरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, तेव्हा ते आपला बहुतेक पाऊस लाओसच्या बाजूला टाकतात आणि डोंगर उतरून खाली येईपर्यंत कोरडे व तप्त झालेले असतात. किनाऱ्यावरचे लोक या झळांना 'लाओचा वारा' म्हणतात. हे आपल्याला नवीन नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो, ते याच कारणाने.

आता वेगळेपण कोठे आहे, ते पाहा. सह्याद्रीच्या बाबतीत पाऊस आणणारा वारा मुख्यतः एकाच दिशेचा असतो, म्हणून आपली पर्जन्यछाया वर्षभर जागची हलत नाही. त्रुओंग सोनची मात्र ऑक्टोबरात कूस बदलते. वारे ईशान्येकडून वाहू लागतात, दक्षिण चीन समुद्रावरून येताना भरपूर बाष्प उचलतात आणि त्याच डोंगरावर दुसऱ्या बाजूने आदळतात. उन्हाळाभर जे माण-खटाव होते, तेच आता महाबळेश्वर होऊन बसते. हुए शहरात एकट्या ऑक्टोबरात सरासरी सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगली-मिरजेला अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. नोव्हेंबरात तो काहीसा कमी होतो, तरीही धो-धो म्हणावा इतका असतो. 1999 च्या नोव्हेंबरात याच हुएत 24 तासांत 1384 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. आपला परतीचा पाऊस संपतो त्या सुमारास चेन्नईला खरा पावसाळा सुरू होतो, त्याचीच ही थोरली बहीण समजावी.

उत्तरेत मात्र तोच ईशान्येचा वारा चीनच्या भूमीवरून येतो, त्यामुळे हिवाळ्याच्या सुरुवातीला तो कोरडा असतो आणि हनोईचा नोव्हेंबर वर्षातल्या सर्वांत सुखद महिन्यांपैकी एक ठरतो. दुपारी 25 अंशांच्या आसपास तापमान असते आणि रात्री हलका गारवा पडतो. मध्येच थंड हवेचा झोत आला तर पारा एकदम पाच-सात अंशांनी उतरतो, म्हणून प्रत्येकाचा एक स्वेटर अवश्य घ्यावा. दक्षिणेत हो चि मिन्ह सिटीचा पावसाळा मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. आपण पोहोचाल तेव्हा तो आवरता घेण्याच्या बेतात असेल आणि पाऊस आलाच तर बहुधा दुपारनंतर तास-दीड तासाची सर येऊन जाईल.

चक्रीवादळांचाही एक क्रम आहे. ती ज्या किनाऱ्यावर धडकतात तो भाग ऋतूबरोबर दक्षिणेकडे सरकत जातो: पावसाळ्यात उत्तरेला धोका अधिक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य भागाला, आणि वर्ष संपता संपता आणखी खाली. यागी हे वादळ 7 सप्टेंबर 2024 रोजी हायफाँग आणि हा लाँगच्या किनाऱ्यावर आले, तर डॅमरे 4 नोव्हेंबर 2017 रोजी पार खाली न्हा त्रांगजवळ धडकले. अपवाद असतातच, पण आपल्या तारखांना हा लाँग पुष्कळसे सुरक्षित आणि दा नांग-हुए सर्वांत बेभरवशाचे, असा हिशेब धरण्यास हरकत नाही. माझ्या हाती असते तर मी मधल्या चारही रात्री काढून टाकल्या असत्या.

प्रीतिसंगम, कराड

सरांनी सांगितलेले सारे आम्ही भोगलेले आहे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे होई आनमध्ये होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी रिमझिम होती आणि रस्त्यावरच्या कंदिलांचे प्रतिबिंब ओल्या फरशीवर इतके सुरेख पडले होते की आम्ही पावसाला दुवा दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहतो तो नदीकाठचा रस्ता दिसेनासा झालेला! होई आनचे जुने गाव थू बोन नदीच्या मुखाजवळ वसलेले आहे, त्यामुळे डोंगरातून पाणी येत असताना समुद्राला भरती असली की त्या पाण्याला वाट मिळत नाही.

कृष्णा-कोयनेच्या काठी वाढलेल्या माणसाला तिथली एक गोष्ट मात्र फार ओळखीची वाटली. जुन्या लाकडी घरांपैकी एका घराच्या भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराच्या पातळीची खूण करून वर्ष लिहिलेले आहे आणि माडीच्या तक्तपोशीला एक चौकोनी झडप ठेवलेली आहे, जिच्यातून दुकानातला माल दोरीने वर ओढून घेतात. पाणी चढू लागल्यावर आमच्या हॉटेलचा मालक घाईगडबड न करता खुर्च्या, गाद्या आणि शीतपेटी वरच्या मजल्यावर नेत होता. त्यांच्यासाठी तो ऋतूचाच भाग आहे. आमच्यासाठी मात्र त्या दोन दिवसांचे भाडे, हुएचा रद्द झालेला दिवस आणि ओले बूट एवढाच हिशेब उरला. आम्हाला कार्यक्रम आखून देणाऱ्यांनी परतावा दिला नाही, कारण करारात "नैसर्गिक आपत्ती" हे शब्द बारीक अक्षरांत होते. ताई, आपण तो कागद सही करण्यापूर्वी वाचावा.

दा नांग आणि हुए यांच्या मध्ये हाय वान नावाची खिंड आहे. त्या शब्दांचा अर्थ समुद्र आणि ढग असा सांगतात, आणि तो अगदी शब्दशः घ्यावा. आमची गाडी दक्षिणेकडून बोगद्यात शिरली तेव्हा उकडत होते आणि पलीकडे बाहेर पडलो तेव्हा गार भुरभुर चालू होती. पसरणी घाट चढून वाईची हवा मागे टाकावी, तसेच काहीसे, पण येथे सवा सहा किलोमीटरच्या बोगद्यात तो बदल घडतो.

हा लाँगबद्दल थोडे सांगतो. वादळाची सूचना असली की तिथले बंदर प्रशासन सर्व जहाजे थांबवते. हे प्रवाशांच्या हिताचेच आहे, परंतु जहाजावरची रात्र प्रवासाच्या अगदी शेवटी ठेवू नये. मागे एखादा दिवस मोकळा असला तर ती पुढे ढकलता येते.

द्राक्षबाग, तासगाव

मी जरा वेगळे मत मांडतो. सरासरीचे आकडे पाहून कोणताही भाग पूर्णपणे बाद करू नये, असे मला वाटते, कारण सरासरीवर आम्हा बागायतदारांचा विश्वास उरलेला नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना एका रात्रीच्या पावसाने वर्षाची कमाई जाते आणि त्या महिन्याची सरासरी तरीही "सामान्य" म्हणून छापून येते. मध्य व्हिएतनाममध्येही असेच आहे. एका नोव्हेंबरात पूर येतो आणि दुसऱ्या नोव्हेंबरात आठवडाभर ऊन पडते.

त्यातही थोडाफार अंदाज बांधता येतो. ला निना असलेल्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड असते तेव्हा, तिकडच्या मधल्या किनाऱ्यावर शरदातला पाऊस वाढतो आणि ते पाणी उबदार असलेल्या एल निनोच्या वर्षी तो सहसा कमी पडतो. म्हणजे जे आपल्या मोसमी पावसाला तारक ठरते, तेच त्यांना पुरात घालते. यापैकी काय चालू आहे, हे सप्टेंबरअखेरपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट झालेले असते. त्यानंतर उरतात ती वादळे, आणि ती चार-पाच दिवस आधी कळतात. म्हणून मी हनोई आणि दक्षिणेची हॉटेले आताच ठरवली असती, मधल्या भागासाठी मात्र विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण ठेवून अंतिम निर्णय निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतला असता.

नोव्हेंबरात बाग सोडून जाणे मला शक्य नसल्याने मी स्वतः गेलो तो खरड छाटणी उरकून, मे महिन्यात. हुएच्या राजवाड्याच्या आवारात दुपारी एक वाजता उभा होतो आणि सरांनी म्हटलेला तो लाओचा वारा अंगावर घेत होतो. आटपाडीचा उन्हाळा मला सौम्य वाटू लागला.

यवतेश्वर, सातारा

तासगावकरांचा मुद्दा बिनतोड आहे आणि दोघेच तरुण प्रवासी असते तर मीही तोच सल्ला दिला असता. परंतु येथे 74 वर्षांचे गृहस्थ आहेत, गुडघे दुखणाऱ्या माऊली आहेत आणि पाच जणांची विमानाची तिकिटे आहेत. आदल्या आठवड्यात पाच तिकिटे बदलणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक! अशा घराने शक्यतेवर नव्हे, तर ज्या भागात बिघडले तरी फार बिघडत नाही, त्या भागावर कार्यक्रम उभारावा.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री घरात चर्चा होऊन मधल्या चार रात्री काढून टाकण्याचे ठरले. त्यांपैकी दोन रात्री हनोईच्या दक्षिणेला असलेल्या निन्ह बिन्हला द्याव्यात, हा लाँग त्यानंतर एका मोकळ्या दिवसासह ठेवावे आणि मग विमानाने दक्षिणेत उतरावे, असा नवा आराखडा आहे. तीन गोष्टी अजून ठरत नाहीत. यजमानांना सा पाची पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती पाहायची आहे. दक्षिणेत कान थोच्या बाजूला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश पाहावा की फू क्वोक बेटावर जावे, यावर दोन तट पडले आहेत. आणि सासऱ्यांच्या रेल्वेचे काय करावे?

यवतेश्वर, सातारा

सा पा या खेपेस वगळावे. ती शेते सोनेरी दिसतात ती सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नोव्हेंबरच्या मध्यास कापणी होऊन नुसती धसकटे उरलेली असतात. दीड हजार मीटर उंचीवरचे ते गाव धुक्यात गेले तर तीही दिसत नाहीत, आणि थंडी मात्र महाबळेश्वरच्या डिसेंबरासारखी मिळते.

फू क्वोक आणि मेकाँग यांत मी फू क्वोकच्या बाजूचा आहे. ते बेट थायलंडच्या आखातात आहे आणि तिथला मुख्य पाऊस नैर्ऋत्येचा असल्यामुळे नोव्हेंबरात तो ओसरतो. ईशान्येचा वारा सुरू झाला की बेटाचा पश्चिम किनारा आडोशाला येतो आणि समुद्र शांत होतो. मुलीला पाण्यात खेळता येईल आणि आजी-आजोबांना बसून राहता येईल. मेकाँगच्या प्रदेशात सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत नदीचे पाणी पसरलेले असते. तो तिथला नेहमीचा, शेताला गाळ देणारा पूर असतो आणि पाहण्यासारखाही असतो, पण त्यात होडीतून चढउतार फार करावी लागते. हो चि मिन्ह सिटीतही ऑक्टोबरपासून पुढे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या भरतीचे पाणी सखल रस्त्यांवर येते. पाऊस नसताना घोट्याएवढे पाणी पाहून घाबरू नये आणि हॉटेल निवडताना नदीकाठचा सखल भाग टाळावा.

निन्ह बिन्हला चांग आनची होडी सासूबाईंना जमेल, कारण चढता-उतरताना हात धरला की बाकी बसूनच जायचे असते. मुआ गुहेच्या सुमारे पाचशे पायऱ्या मात्र मुलीने आणि तिच्या वडिलांनीच चढाव्यात.

प्रीतिसंगम, कराड

रेल्वेबद्दल मी सांगतो. हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा मार्ग 1726 किलोमीटरचा आहे आणि तीस तासांहून अधिक वेळ घेतो. त्याचा सर्वांत देखणा तुकडा म्हणजे हाय वानच्या पायथ्याने समुद्राला खेटून जाणारा, आणि मुसळधार पावसात दरडी व पुरामुळे गाड्या अडकतात त्या नेमक्या त्याच मधल्या पट्ट्यात. त्यामुळे पूर्ण प्रवास नोव्हेंबरात नको. हनोईहून निन्ह बिन्ह मात्र त्याच मार्गावर आहे, दोन-सव्वादोन तासांत गाडी पोहोचवते आणि त्या टप्प्याला या दिवसांत पावसाचा त्रास सहसा होत नाही. मिरजेच्या माणसाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे हा सगळा मार्ग अजून मीटर गेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतराचा, आहे.

कृष्णाकाठ, सांगली

हा शेवटचा मजकूर मी सासऱ्यांना वाचून दाखवला. मिरजेला ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकाच आवारात त्यांनी पाहिलेली आहेत आणि मीटर गेजच्या डब्यात बसून आता कित्येक वर्षे झाली, असे म्हणून ते बराच वेळ गप्प बसले. नंतर त्यांनी विचारले की निन्ह बिन्हला जाताना इंजिनाजवळचा डबा मिळेल काय, आणि परत येतानाही गाडीनेच यायचे ना. दोन्ही तिकिटे रेल्वेचीच काढत आहोत.